उपड्या होडीवरचा चीक

चिकट डाग दिसला की घरातलं प्रत्येक माणूस एकेक औषध सुचवतं. रॉकेल लाव, थिनर लाव, खोबरेल चोळ, गरम पाणी ओत, नाहीतर राहू दे, पाऊस लागला की जाईल आपोआप. आमच्या होडीच्या बाबतीत ह्यातलं बहुतेक सगळं खरं ठरलं. फक्त एका डागाचं औषध दुसऱ्याला चालत नव्हतं, आणि डाग चार तऱ्हेचे होते.

होडी लहानच. देवगड तालुक्यात खाडीच्या काठाला आमचं घर आहे, तिथे पलीकडे जायला नि गरी टाकायला वापरायची. फळ्या फणसाच्या. दोन्ही बाजूंना निळा ऑइल पेंट, काठालगत पांढरा पट्टा, त्या पट्ट्यावर काळ्या अक्षरांत होडीचं नाव आणि नोंदणीचा क्रमांक, तळाला डांबर. दिवाळीनंतर तिला नवा रंग लावून घेतला होता. पण त्या हंगामात वल्ही मारायला घरात कोणी नव्हतं, म्हणून ती खाडीत न उतरवता परसात दोन ओंडक्यांवर उपडी करून ठेवली. जागा तात्यांनी, म्हणजे माझ्या धाकट्या काकांनी ठरवली, आणि ती सावलीची ठरवली. त्यांचं बरोबरच होतं. लाकडी होडी महिनोन् महिने उन्हात पडली तर फळ्या सुकून सांधे उकलतात आणि निळा रंग हात लावला तरी भुकटीसारखा बोटाला येतो.

सावली होती ती हापूसच्या जुन्या कलमाची. एका अंगाला फणस. कुंपणाकडच्या काजूची एक फांदी बरोबर नाळेवर, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकावर आलेली. मे महिन्यात मी गावी गेलो तोवर ह्या तिन्ही झाडांनी होडीवर आपापली सही करून ठेवली होती.

सगळ्यात जास्त डोळ्यांत भरत होता तो काळेपणा. कलमाच्या बाजूचा निळा भाग धुरकटल्यासारखा झालेला, पांढरा पट्टा राखाडी, हात लावला की बोट चिकटायचं. त्या काळेपणाच्या मधून तपकिरी ओघळ आले होते, काही वाळून चकाकणारे, काही रंगात खोल गेल्यासारखे. फणसाकडच्या अंगाला रबरासारख्या लोंब्या. आणि नाळेवर पिवळसर, पारदर्शक खडे, त्यांत मुंग्या अडकलेल्या.

मी तालुक्याच्या गावातून रंगाच्या दुकानातून थिनर आणला. दुकानदाराने विचारलंसुद्धा नाही की रंग कुठला आहे आणि डाग कसला. घरी आल्यावर काठाच्या आतल्या बाजूला, जिथे कोणाची नजर जात नाही, तिथे बोटभर जागेवर थिनरची चिंधी टेकवली. डाग नसलेल्या जागेवर, नुसता रंग काय करतो ते पाहायला. थोड्याच वेळात रंगाला सुरकुत्या पडल्या आणि चिंधी निळी झाली. ऑइल पेंट वरून वाळतो तासांत, पण आतून पुरता कडक व्हायला बराच काळ घेतो, आणि थिनरमध्ये जे टोल्युइन किंवा ॲसिटोनसारखं काही असतं ते त्याला पार आतपर्यंत फुगवतं. थिनरचा डबा तिथेच बाजूला ठेवला. पांढऱ्या पट्ट्यावर तो लावला असता तर डागाच्या आधी क्रमांकाची अक्षरं गेली असती.

तात्या ओटीवरून बघत होते. ते खाली आले, काळ्या भागावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "ह्यो चीक नाय रे. ही खार. जिभेक लावन बघ."

मी लावली नाही. पण त्यांचं म्हणणं सोळा आणे खरं होतं. पौष-माघात कलमाला मोहोर येतो तेव्हा त्यावर तुडतुडे येतात. ते मोहोराचा आणि कोवळ्या पालवीचा रस पितात, आणि पचलं नाही ते गोड पाणी थेंबाथेंबाने खाली टाकतात. पानांवर, फळांवर, खाली जे असेल त्यावर ह्या गोड थराची पुटं चढतात आणि मग त्यावर काळी बुरशी वाढते. आमच्याकडे बागायतदार ह्यालाच खार पडली म्हणतात. पेट्यांमध्ये भरायच्या आंब्यांवर ती आली की भाव पडतो, म्हणून ती त्यांना चांगलीच ठाऊक. मुंबईत आंब्याच्या झाडाखाली गाडी लावणारे लोक ज्याला झाडाचा चीक म्हणून शिव्या घालतात, तो पुष्कळदा चीक नसतोच, हा कीटकांचा प्रसाद असतो.

साखरेला रॉकेल काही करत नाही. साखर पाण्यात विरघळते. इतकी साधी गोष्ट, पण डाग चिकट दिसला की आपला हात पाण्याकडे जात नाही, तेलाकडे नि थिनरकडे जातो.

चुलीवर पाणी कोमट केलं, म्हणजे हात घालता येईल इतपतच, त्यात भांडी धुवायचा पातळ साबण. जुन्या लुंग्यांच्या चिंध्या त्या पाण्यात बुडवून काळ्या भागावर नुसत्या पसरून ठेवल्या. घासायची घाई केली नाही. अर्ध्या तासाने चिंधी उचलली तर काळं पुट चिंधीबरोबरच यायला लागलं. घासायला काथ्या अजिबात घेतला नाही, कारण काथ्याने ऑइल पेंटवर ओरखडे उठतात आणि पुढच्या वर्षी घाण नेमकी त्या ओरखड्यांत बसते. सुती कापड आणि भरपूर पाणी. काळं पाणी माडाच्या आळ्यात गेलं. दुपारपर्यंत होडीचा बराचसा निळेपणा परत आला आणि मला उगाच वाटलं की काम संपत आलं.

साबणाने फक्त खार गेली होती. आता उरलेले डाग स्पष्ट दिसायला लागले. हाही एक फायदाच म्हणायचा, कारण वरचा काळा थर काढल्याशिवाय खाली काय आहे ते कळत नव्हतं.

फणसाच्या लोंब्यांसाठी काकीकडे जायची गरज नव्हती, तरी ती आली. हातात वाटी होती खोबरेलाची. "फणस कापताना हाताक काय लावतस? मगे होडयेक दुसरा काय लावक व्हया?"

फणसाचा चीक हे रबराच्या जातीचं दूध आहे. झाडातून निघताना पांढरं, पातळ, हवेला वाळलं की तपकिरी आणि ताणलं तर लांबणारं. पाण्याने ते कधीच जात नाही, उलट पाण्यात अजून घट्ट होऊन बसतं. तेलात मात्र सैल होतं, म्हणून तर कोकणात फणस फोडायच्या आधी कोयत्याला नि हाताला तेल लावायची रीत. खोबरेल लोंब्यांवर जाड थापलं आणि जेवायला गेलो. परत आल्यावर अंगठ्याने दाबून गोल फिरवलं की चीक गोळा होऊन सुटत होता. जिथे थर जाड होता तिथे पुन्हा तेल, पुन्हा वाट पाहणं. बंदरावरची माणसं ह्याच कामाला डिझेलचं बोळं वापरतात. कुठल्याही डागावर त्यांचं पहिलं औषध डिझेल. चालतं ते, मी एका कोपऱ्यावर करून पाहिलं, पण त्याचा वास आणि तेलकट पापुद्रा साबणाने काढता काढता खोबरेलापेक्षा जास्त वेळ गेला. रॉकेल आता गावात सहज मिळतही नाही. घरोघरी गॅस आल्यापासून रेशनचं रॉकेल जवळजवळ दिसेनासंच झालंय.

इथे एक गोष्ट सांभाळावी लागली. उपड्या होडीचा डांबराचा तळ वर असतो, आणि तेल, डिझेल, टर्पेंटाइन ह्या सगळ्यांत डांबर सुटतं. तळावर फणसाच्या चिकाचे दोन मोठे थर होते. तेलाचं बोळं त्यांच्यावर फिरवलं असतं तर डांबर पातळ होऊन खाली निळ्यावर आणि पांढऱ्यावर ओघळलं असतं, आणि डांबराचा ओघळ काढणं हे चिकापेक्षा वाईट काम. म्हणून तळावरचा चीक आहे तसा सोडून दिला. तिथे तो कोणाचं काय बिघडवतो? खालच्या डागांना तेल लावतानाही चिंधी नेहमी तळाकडून काठाकडे न फिरवता डागाभोवतीच फिरवली.

तसं पाहिलं तर झाडांतून निघणारं जे आज मी खरवडत होतो, त्यावरच जुन्या होड्या जगल्या. फळ्यांच्या सांध्यांत कापूस आणि तेलात उकळलेली राळ ठासायची. काजूच्या टरफलाचं तेल लाकडाला आणि जाळ्यांना लावायचं, म्हणजे पाणी नि कीड दोन्ही लांब. तात्यांनी लहानपणी ते काम केलेलं आहे आणि त्या तेलाने हाताची सालं निघालेली त्यांना अजून आठवतात.

नाळेवरचे खडे काजूचे होते. काजूच्या खोडाला किंवा फांदीला इजा झाली, खोडकिडा लागला की तिथून डिंक पाझरतो. हा डिंक बाभळीच्या डिंकाच्या जातीचा, म्हणजे पाण्यात फुगणारा. खडे आधी नखाने काढायचा प्रयत्न केला तर खड्याबरोबर रंगाची खपली यायला लागली, तेव्हा हात आवरला. ओल्या फडक्याची घडी नाळेला गुंडाळली, वरून प्लास्टिकची पिशवी बांधली आणि रात्रभर तशीच ठेवली. सकाळी खडे जेलीसारखे मऊ झाले होते आणि बोटाने पुसून निघाले. सगळ्या कामात एवढं एकच असं होतं की ज्याला मेहनत लागली नाही.

उरला आंब्याचा चीक. हा सगळ्यात खडतर.

आंबा देठापासून तोडला की देठाच्या टोकातून चीक अक्षरशः पिचकारीसारखा उडतो. त्यात एक भाग पाण्याचा, एक तेलाचा, आणि त्या तेलात टर्पिनोलीनसारखे पदार्थ असतात, टर्पेंटाइनच्या भाऊबंदांपैकी. आंबा, काजू आणि बिब्बा एकाच कुळातले. बिब्ब्याने कपड्यावर पडलेला डाग जन्मभर जात नाही हे आपल्याला माहीत आहे, आंब्याचा चीक त्याच्याइतका जहाल नसला तरी घराण्याचा गुण सोडत नाही. तो फळाच्या सालीवर ओघळला तर साल भाजल्यासारखी काळी पडते, म्हणून दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने नूतन झेला काढला, ज्याने आंबा देठाचा तुकडा ठेवूनच उतरवता येतो. देठ नंतर खाली बसून मोडायचा आणि फळ उपडं ठेवून चीक गळू द्यायचा.

आता हे देठ मोडायचं काम आमच्या परसात कुठे झालं असेल? कलमाच्या सावलीत, बसायला सोयीच्या उंचीवर, वर गोणपाट टाकलेल्या एका उपड्या होडीवर. गड्यांनी तिथे क्रेट टेकवले, देठ मोडले, आणि चीक फळाच्या सालीऐवजी आमच्या निळ्या रंगावर गळला. आंबे मात्र पेटीत एकदम स्वच्छ गेले असणार.

वाळून चकाकणारे जे थेंब रंगाच्या वर उभे होते, त्यांना बर्फ लावला. मासळीसाठी आणलेला बर्फाचा तुकडा पिशवीत घालून थेंबावर दाबून धरला, चीक थंडीने ठिसूळ झाला की प्लास्टिकच्या जुन्या कार्डाच्या कडेने हलकेच उचलला. सुरी किंवा पत्रा वापरायचा नाही, रंग कापला जातो. सकाळी ऊन चढायच्या आत हे नीट होत होतं. दहा वाजल्यानंतर होडी तापायची, चीक मऊ व्हायचा आणि सुटण्याऐवजी पसरायचा. बर्फ लावून सुटल्यावर मागे एक पिवळट वलय राहत होतं. त्याला साध्या रंगकामाचं टर्पेंटाइन, तेही चिंधीवर चार थेंब, डागावर थेट ओतलेलं नाही. आधी पुन्हा काठाच्या आत तपासून घेतलं. थिनरसारखी सुरकुती आली नाही, फक्त चिंधीला किंचित निळसर रंग आला, म्हणजे जास्त वेळ टेकवून ठेवायचं नाही एवढं कळलं. दोन-तीन हलके हात, लगेच साबणाचं पाणी, लगेच कोरडं फडकं. अक्षरांच्या आसपास टर्पेंटाइनही नाही, तिथे फक्त खोबरेल आणि धीर.

हातमोजे घातले होते. पहिल्या दिवशी घातलेले नव्हते तेव्हा मनगटावर पुरळ उठलं, आंबे उतरवणाऱ्यांच्या ओठांच्या कडेला दिसतं तसलं. चीक वाळलेला असला तरी त्याचा गुण पूर्ण मेलेला नसतो. टर्पेंटाइनच्या चिंध्या घडी करून कोपऱ्यात न ठेवता कुंपणावर पसरून वाळवल्या, चूल तिथून लांब.

एवढं करूनही काही ओघळ गेले नाहीत. बोट फिरवलं तर वर काहीच लागत नव्हतं, चिकटपणा नाही, उंचवटा नाही, पण तपकिरी खूण तशीच. मी अजून जोर लावायच्या बेतात होतो, तेवढ्यात होडी रंगवणारे गृहस्थ दुसऱ्या कामासाठी वाडीत आले होते ते डोकावले. त्यांनी नुसतं तिरकं पाहिलं, उन्हाचा कवडसा कुठे चमकतो नि कुठे नाही ते, आणि म्हणाले, "रंगाचो जीव गेलो हा तेचो. आता घासान काय उपयोग नाय. परत रंगवचा लागात."

त्यांनी तिरकं पाहायला शिकवलं हा मला ह्या सगळ्यात मिळालेला सगळ्यात उपयोगाचा धडा. डाग रंगाच्या वर आहे की रंगच बिघडला आहे हे समोरून पाहून कळत नाही. कडेने पाहिलं की चांगला रंग चमकतो आणि चिकाने भाजलेला रंग मंद, खरखरीत दिसतो. अशा जागी कितीही औषधं लावली तरी आपण बिघडलेला रंगच पुसत राहतो.

हलक्या खुणा तरी रबिंग कंपाउंडने गेल्या, गाडीला लावतात ते, कापडावर घेऊन हलक्या हाताने. वरचा अगदी पातळ थर निघाला आणि चमक आली. खोल खुणांना मात्र त्यांच्या सांगण्याप्रमाणे केलं. आधी जागा टर्पेंटाइनने पुसून तेलाचा अंश काढला. हे महत्त्वाचं होतं, कारण खोबरेलाचा हात सगळीकडे लागला होता आणि तेलावर रंग धरत नाही, पापुद्र्यासारखा सुटतो. मग साबण, मग गोडं पाणी, मग पूर्ण दिवस वाळवणं. चारशे नंबरचा वॉटर पेपर पाणी लावून, कडा विरून जाईपर्यंत. त्यावर निळा रंग दोन पातळ हात, मध्ये एका रात्रीचं अंतर. डब्यातला रंग तोच होता तरी ठिपके वेगळे दिसतात, जुना भाग उन्हाने थोडा उतरलेला असतो. जवळ गेल्याशिवाय दिसत नाहीत, आणि होडीकडे इतक्या जवळून पाहणारा माझ्याशिवाय दुसरा कोणी नाही.

मृग जवळ येत होता म्हणून पुढचं घाईने केलं. होडी सावलीतून हलवावी का, ह्यावर घरात बोलणं झालं. तात्या ऐकेनात, आणि कलम तोडायचं तर कोणाच्या मनातही नव्हतं. ताडपत्री थेट अंगावर टाकायची कल्पना मीच नाकारली, कारण ताडपत्रीखाली घाम धरतो आणि ऑइल पेंटला फोड येतात. शेवटी बांबूंचा मांडव घातला, होडीपासून हातभर उंच, त्यावर माडाच्या झावळ्यांचे झाप, झापांवर ताडपत्री, दोन्ही टोकं वाऱ्याला मोकळी. नाळेवर आलेली काजूची फांदी तेवढी तोडली आणि कापलेल्या जागेला बोर्डो पेस्ट, म्हणजे मोरचूद-चुन्याचा लेप लावला. देठ मोडायला गड्यांना गोठ्याजवळ फळकूट टाकून दिलं. पुढच्या हंगामात ते तिथे बसतात की मांडवाच्या सावलीत येतात ते बघायचं.

पांढऱ्या पट्ट्यावर, क्रमांकाच्या शेवटच्या आकड्याखाली एक भाजलेला ओघळ अजून आहे. तिथे पेपर मारला तर आकडा जातो, आणि आकडा पुन्हा काढायला रंगारीच लागतो. पावसाच्या दमट हवेत ऑइल पेंट वाळत नाही, त्यामुळे ते काम नवरात्रानंतर. पट्टा पूर्ण पांढरा करून मग क्रमांक नव्याने काढून घेणार आहे.